सुपरहिरोची ढाल फँटसी टेबलवर: फेकता यावी, परत यावी, पण खेळ मोडू नये

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या रोल-प्लेइंग खेळाच्या टेबलवर खेळाडू म्हणतो, "मला कॅप्टन अमेरिकासारखी ढाल हवी." डीएमलाही (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) कल्पना आवडते आणि अर्ध्या तासात कागद भरतो: +३ (अटॅक आणि डॅमेजच्या आकड्यात मिळणारी भर), फेकता येते, परत येते, तिघांना लागते, कधी तुटत नाही. दोन सेशन मजेत जातात. तिसऱ्या सेशनला बाकीचे खेळाडू स्वतःची पाळी येईपर्यंत मोबाइल चाळत बसलेले असतात.

अशा वेळी आकडे कमी करून बघायची पद्धत आहे. +३ चं +२ होतं, तिघांचे दोघं होतात, आणि तरीही काहीतरी खटकत राहतं. कारण चूक बहुतेकदा क्रमात असते. आकडे पहिल्यांदा लिहिले जातात, आणि हातात काय धरलंय, कोणती ॲक्शन (पाळीतलं मुख्य काम) खर्च होते, ढाल हवेत असताना अंगावर काय राहतं, हे प्रश्न लढाई सुरू झाल्यावर आठवतात.

खालचा क्रम ढालीवर बेतलेला आहे, कारण सगळ्यात अवघड तीच: शस्त्रही आणि चिलखतही. हातोडा, दोर वगैरेंना हाच क्रम चालतो, मधे मधे त्यांचाही उल्लेख करेन. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ चे. २०२४ ची सुधारित पुस्तकं वापरत असाल तर क्रम तोच ठेवा, पण फीट (कॅरेक्टरला मिळणारी खास कौशल्यं) आणि राक्षसांचे आकडे तुमच्या पुस्तकातून तपासून घ्या.

## तयारी

लिहायला बसण्याआधी तीन कागद समोर हवेत. ढाल मागणाऱ्याची कॅरेक्टर शीट, पार्टीत सगळ्यात जास्त डॅमेज करणाऱ्याची शीट, आणि सध्या कोणाकडे कोणत्या जादुई वस्तू अट्यून केलेल्या (जादू वापरता यावी म्हणून स्वतःशी जोडून घेतलेल्या) आहेत त्याची यादी. अट्यूनमेंटच्या जागा प्रत्येकाला तीनच असतात. ढाल मागणाऱ्याच्या तिन्ही भरलेल्या असतील तर ते आजच कळलेलं बरं.

चौथी गोष्ट म्हणजे खेळाडूशी पाच मिनिटं बोलणं. त्याला "कोणती पॉवर हवी" असं विचारू नका, यादी मिळेल. "डोळे मिटून ती ढाल आठव, काय दिसतं?" असं विचारा. आमच्या टेबलवरचा खेळाडू म्हणाला होता, "भिंतीवर आपटून ती कोपऱ्याआडच्या माणसाला लागते." पूर्ण वाक्यात डॅमेजचा शब्द नव्हता. मी ते ऐकलं, मान डोलावली आणि घरी जाऊन डॅमेजच लिहीत बसलो. पुढे काय झालं ते पाचव्या टप्प्यात येईल.

## १. एकच कृती निवडा

त्या शस्त्राची अशी एक कृती शोधा, जी काढून टाकली तर ते शस्त्र ओळखूच येणार नाही. ती एका वाक्यात लिहा.

ढालीसाठी: फेकलेली ढाल एकावर आपटून दुसऱ्याकडे वळते आणि मालकाकडे परत येते. थॉरच्या हातोड्यासाठी: लायक नसलेल्याला तो उचलताच येत नाही. वंडर वूमनच्या दोरासाठी: त्यात अडकलेल्याला खोटं बोलता येत नाही.

वाक्यात "आणि" दोनदा आला तर एक भाग कापा. कापलेला भाग वाया जात नाही, तो नवव्या टप्प्यात कामाला येतो.

## २. माणूस आणि वस्तू वेगळी करा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि अर्धं बिघडतं ते इथेच.

कॅप्टन अमेरिकाची ढाल फेकली की अचूक लागते, कारण फेकणारा माणूस तसा आहे. नेम त्याचा, ताकद त्याची, कोन ओळखायची नजरही त्याचीच. ढालीचं स्वतःचं असं जे आहे ते धातूतलं: ती धक्का गिळते आणि मोडत नाही. तेव्हा कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे माणसाचं, उजवीकडे वस्तूचं.

डावीकडच्या गोष्टी तुमच्या खेळात आधीपासून असतात: स्ट्रेंग्थ, प्रोफिशियन्सी बोनस (सरावाच्या शस्त्राला मिळणारी भर), फायटरचे जादा अटॅक, फीट. त्या पुन्हा वस्तूत घातल्या की खेळाडूला एकाच गुणाचे पैसे दोनदा मिळतात. पाचव्या लेव्हलच्या फायटरला दोन अटॅक आहेतच. "या ढालीने दोनदा फेकता येतं" असं लिहिलंत की झाले चार.

तपासा: ही ढाल पार्टीतल्या दुबळ्या विझर्डच्या हातात दिली तर काय होईल? तोही तिघांना लोळवत असेल, तर डावीकडचं काहीतरी उजवीकडे सरकलं आहे.

## ३. पुस्तकात जवळची वस्तू शोधा

कोऱ्या कागदावरून सुरुवात करू नका. परत येणाऱ्या शस्त्राचा साचा तयार आहे: ड्वार्व्हन थ्रोअर हा हातोडा. व्हेरी रेअर (दुर्मिळतेत रेअरच्या वरची पायरी), अट्यूनमेंट फक्त ड्वार्फला, +३, पल्ला २० आणि ६० फूट (साधा आणि लांबचा), फेकून लागल्यास जादा १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) आणि समोर जायंट असेल तर २डी८. अटॅक झाल्याबरोबर हातोडा हातात परत.

म्हणजे परत येणाऱ्या शस्त्राचा पल्ला पुस्तकानेच आखडता ठेवला आहे. लाँगबोचा पल्ला १५० आणि ६०० फूट. त्याच्याशी स्पर्धा करायला जाऊ नका, २० आणि ६० फूट पुरतात. दोरासाठी रोप ऑफ एंटँगलमेंट बघा आणि सत्याच्या भागासाठी झोन ऑफ ट्रुथ हा दुसऱ्या लेव्हलचा स्पेल. दोन्हींची सांगड घातलीत की दोर जवळपास तयार झाला.

## ४. हात, ॲक्शन आणि एसी

इथे घाई नको. एसी म्हणजे आर्मर क्लास, शत्रूच्या अटॅकला गाठावा लागणारा आकडा.

नियमांप्रमाणे ढाल चढवायला एक ॲक्शन लागते, उतरवायलाही एक. साधी ढाल फेकायची म्हटली तर पहिली पाळी पट्टे सोडण्यातच जाते. शिवाय ढाल हे शस्त्र नाही, म्हणून फेकलेली ढाल इम्प्रोव्हाइज्ड वेपन ठरते: १डी४, आणि बहुतेकांना प्रोफिशियन्सी नाही. हे सगळं तुमच्या वस्तूने स्पष्ट शब्दांत बाजूला सारावं लागतं. नुसतं "फेकता येते" लिहून भागत नाही.

या प्रश्नांची उत्तरं लिहून काढा:

- ढाल शस्त्र म्हणून धरली जाते का? जात असेल तर दुसऱ्या हातात तलवार असलेल्या फायटरची ड्युएलिंग स्टाइल बंद पडते, कारण तिला हातात दुसरं शस्त्र चालत नाही. खेळाडूला हे आधी सांगा.
- फेकताना कोणती क्षमता लागते? थ्रोन, म्हणजे फेकण्याचा, गुण असलेल्या मेली (हातघाईच्या) शस्त्राला स्ट्रेंग्थ. फिनेस हा गुण दिलात तर डेक्सटेरिटीही चालते आणि रोग या चोरट्या क्लासच्या कॅरेक्टरला स्नीक अटॅकचं जादा डॅमेज मिळतं. मी फिनेस देत नाही.
- शत्रू पाच फुटांत उभा असताना फेकली तर? फेकणं हा रेंज्ड अटॅक, म्हणून डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी पडलेला धरायचा). ते तसंच राहू द्या. जवळच्याला ढालीने ठोसा द्यावा, लांबच्याला फेकून मारावी, हा फरक आपोआप जिवंत राहतो.
- ढाल हवेत असताना एसी किती?

शेवटच्या प्रश्नावर सगळा डोलारा उभा आहे. ढाल कायम परत येत असेल आणि एसीही कायम राहत असेल, तर खेळाडूला निवड करायचं कारणच उरत नाही. प्रत्येक पाळीला तो फेकणार. दुसरीकडे, फेकली की एसी गेला असं सरसकट केलंत तर तो कधीच फेकणार नाही.

मी मधला मार्ग धरतो. सरळ फेक केली तर ढाल लगेच परत येते, एसी जागेवर. टप्पा घ्यायला लावली, म्हणजे एकावर आपटून दुसऱ्याकडे वळवली, तर ती त्याची पुढची पाळी सुरू होते तेव्हाच परत येते. तोवर हात रिकामा, ढालीचा एसी शून्य.

सावधान: टप्प्याला बोनस ॲक्शन (पाळीतलं एक जादा छोटं काम) लावा. मोफत ठेवू नका आणि रिॲक्शनवरही (प्रतिक्रिया म्हणून करायच्या कृतीवर) टाकू नका. शील्ड मास्टर फीट घेतलेल्याला ढालीने धक्का द्यायला बोनस ॲक्शनच लागते, तेव्हा त्याला दोहोंतलं एक निवडावं लागेल. वेगळी मर्यादा लिहायची गरज उरत नाही.

## ५. आता आकडे

माझ्या पहिल्या ढालीची गोष्ट इथली. मी लिहिलं होतं: +३, डॅमेज १डी८, प्रत्येक अटॅकनंतर ढाल आणखी दोनदा टप्पा घेऊ शकते, दर टप्प्याला वेगळा अटॅक रोल. "वेगळ्या लक्ष्यावर" हे दोन शब्द राहून गेले.

समोर ट्रोल होता. एसी १५, हिट पॉइंट ८४. फायटर पाचव्या लेव्हलचा, स्ट्रेंग्थ १८, म्हणजे +४, प्रोफिशियन्सी +३, ढालीचे +३, एकूण +१०. २० बाजूंच्या फाशावर पाच किंवा जास्त पडलं की लागलं, शक्यता ८० टक्के. डॅमेज सरासरी ४.५ अधिक ७, म्हणजे ११.५. खेळाडूने शांतपणे विचारलं, "ट्रोल, भिंत, ट्रोल, भिंत, ट्रोल चालेल ना?" मी लिहिलेलंच वाचून दाखवल्यावर मला हो म्हणावं लागलं. दोन अटॅक, प्रत्येकी तीन मार, असे सहा मार. सहा गुणिले ०.८ गुणिले ११.५, सरासरी ५५ च्या वर. ट्रोल दुसऱ्या राउंडमध्ये जमिनीवर. ट्रोलच्या जखमा पुन्हा भरू नयेत म्हणून आग लावायला विझर्ड होता ते बरं, त्याला तेवढंच काम उरलं होतं.

हाच फायटर साध्या लाँगस्वॉर्डने किती करतो? अटॅक +७, एसी १५ ला लागायची शक्यता ६५ टक्के, डॅमेज ८.५, अटॅक दोन. सरासरी ११. माझी ढाल पाच पट होती.

सुधारलेली ढाल अशी: +१, डॅमेज १डी६, बोनस ॲक्शनने एकच टप्पा, आणि टप्प्याच्या डॅमेजमध्ये स्ट्रेंग्थ धरायची नाही. अटॅक +८, शक्यता ७० टक्के, डॅमेज ८.५. दोन अटॅकचे ११.९, आणि टप्प्याचे जेमतेम ३. मिळून १५ च्या आत. शेजारच्याकडे +१ लाँगस्वॉर्ड असेल तर त्याचे १३.३ होतात. क्रिटिकल (फाशावर २० पडल्यावर डॅमेजचे फासे दुप्पट होतात ते) दोन्हीकडे सोडून दिले आहेत. फरक दिसतो, खुपत नाही. अशी ढाल मी रेअर ठरवतो आणि पाचव्या लेव्हलच्या आसपास देतो.

तपासा: ढालीचा हिशोब पार्टीतल्या सगळ्यात जास्त डॅमेज करणाऱ्याच्या वर जातो का? तयारीतला दुसरा कागद त्यासाठीच होता. ढालवाला आधीच एसीचा फायदा घेतोय, डॅमेजमध्येही तोच पहिला असेल तर बाकीच्यांनी काय करायचं?

## ६. किंमत खरंच बसते का

टप्पा घेतला की एसी जातो, हे लिहिलंत. ते खेळाडूला जाणवणार का, तेही मोजा.

चेन मेलचा एसी १६, ढालीचे २, जादूचा १, एकूण १९. ट्रोलचे तीन अटॅक, प्रत्येकी +७. १९ ला लागायला फाशावर १२ हवेत, शक्यता ४५ टक्के. ढाल हवेत असताना एसी १६, ९ पुरतात, शक्यता ६० टक्के. तिन्ही अटॅक लागले तर सरासरी २९ डॅमेज. म्हणजे एका राउंडला सुमारे १३ च्या जागी सुमारे १७ खावे लागतात. टप्प्याने मिळतात ३, जातात ४. दुसरं लक्ष्य मरायला टेकलेलं असेल तरच सौदा परवडतो.

मला हेच हवं होतं. टप्पा रोजचा नसावा, योग्य क्षणी घ्यावा. कोणी अंगावर नसेल तर तो जवळपास फुकट पडतो, आणि तेही ठीक आहे. तेवढ्यासाठी खेळाडूला जागा शोधून उभं राहावं लागतं.

## ७. कोपऱ्याआडचा माणूस

पहिल्या दिवशीचं खेळाडूचं वाक्य आता काढा. त्याला कोपऱ्याआडच्याला मारायचं होतं.

अर्ध्या आडोशाचे एसीला +२ मिळतात, तीन चतुर्थांश आडोशाचे +५. तर एवढंच लिहा: टप्प्याने केलेल्या अटॅकला हे दोन्ही आडोसे लागू नाहीत. पूर्ण आडोशामागच्याला लक्ष्य करता येत नाही, तो नियम राहू द्या. डॅमेजचा एकही अंक न वाढवता ढाल एकदम ओळखू यायला लागते. आमच्या टेबलवर सुधारलेली ढाल आली त्या सेशनला खांबामागच्या गॉब्लिन धनुर्धाऱ्याला ती लागली आणि सगळे ओरडले. डॅमेज किती, तर ४.

## ८. जगात बसवा

व्हायब्रेनियम, म्हणजे कॅप्टन अमेरिकाच्या ढालीचा धातू, हा शब्द टेबलवर आणू नका. या जगात ॲडमँटिन आहे. ॲडमँटिन चिलखत अंगावर असेल तर क्रिटिकल हिट साधा हिट ठरतो. तोच गुण ढालीला द्या, पण लाँग रेस्टमागे (रात्रभराच्या विश्रांतीमागे) एकदा. धक्का गिळणारा धातू याहून सोप्या शब्दांत सांगता येत नाही.

तारा आणि पट्टेही काढा. ढालीवर त्या जगातलं चिन्ह हवं: पडलेल्या किल्ल्याचं, बंद पडलेल्या पहारेकरी पथकाचं. नाव छोटं ठेवा.

हातोडा करणाऱ्यांसाठी: लायकी म्हणजे अलाइनमेंट (कॅरेक्टरचा नैतिक कल) नव्हे. "लॉफुल गुड असेल तरच" असं लिहिलंत की तो फॉर्म भरण्यासारखा प्रकार होतो. एखादी कृती ठरवा. शरण आलेल्याला मारलं की पुढच्या लाँग रेस्टपर्यंत हातोडा उचलत नाही, असं काहीतरी. आणि ती अट खेळाडूला आधीच माहीत असू द्या. गुपित ठेवलीत तर तो फक्त चिडेल.

## ९. कार्ड लिहा आणि मोठ्याने वाचा

माझं कार्ड, जसंच्या तसं:

पडझडीची ढाल. ढाल, रेअर, अट्यूनमेंट आवश्यक. हातात असताना ढालीच्या नेहमीच्या बोनसखेरीज एसीला +१. तुमच्यासाठी ही ढाल थ्रोन गुण असलेलं मेली शस्त्रही आहे (पल्ला २० आणि ६० फूट), तिच्यात तुम्ही प्रोफिशियंट आहात. अटॅक आणि डॅमेजला +१, डॅमेज १डी६ ब्लजनिंग. फेकण्यासाठी ती उतरवायला ॲक्शन लागत नाही. फेकलेली ढाल अटॅक झाल्याबरोबर हाती परत येऊन चढलेली असते.

टप्पा. तुमच्या पाळीत फेकलेली ढाल एखाद्याला लागली, तर बोनस ॲक्शन वापरून त्याच्यापासून १० फुटांतल्या वेगळ्या लक्ष्यावर एक रेंज्ड अटॅक करा. या अटॅकला अर्धा व तीन चतुर्थांश आडोसा लागू नाही, डॅमेजमध्ये क्षमतेचा मॉडिफायर धरू नका. त्यानंतर पाळीतले उरलेले अटॅक ढालीने करता येत नाहीत. ढाल तुमची पुढची पाळी सुरू होताना परत येते. तोवर ढालीचा एसी मिळत नाही.

धक्का गिळणे. लाँग रेस्टमागे एकदा, तुमच्यावरचा क्रिटिकल हिट साधा हिट ठरवा.

हे पार्टीतल्या सगळ्यात वकिली डोक्याच्या खेळाडूला वाचून दाखवा. ढाल मागणाऱ्याला नको, दुसऱ्या कोणाला. त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे कार्डातली एक फट. "वेगळ्या" हा शब्द माझ्या कार्डात असाच आला.

पहिल्या टप्प्यात कापलेला भाग आता वापरा. ढाल अकराव्या लेव्हलला व्हेरी रेअर होऊ शकते: +२, आणि पाच फुटांतला सोबती क्रिटिकल खातो तेव्हा धक्का गिळता येतो. ते आज कार्डावर लिहू नका.

## १०. खोट्या लढाया

खेळाडूंशिवाय, एकट्याने, तीन लढाया खेळून बघा. एक मोठा राक्षस. सहा-आठ छोटे शत्रू. आणि लांबून बाण मारणारे, आडोशामागचे. प्रत्येकी तीन राउंड पुरे.

पहिल्या लढाईत टप्पा वापरावासाच वाटू नये, कारण दुसरं लक्ष्य नाही. दुसऱ्या लढाईत दर राउंडला मोह व्हावा आणि निदान एकदा पस्तावा व्हावा. तिसरीत ढाल चमकावी. तिन्ही लढायांत एकच उत्तर आलं तर चौथ्या टप्प्याकडे परत जा, आकड्यांकडे नको.

## दिल्यानंतर

ढाल देताना खेळाडूला एक वाक्य सांगून ठेवा: तीन सेशननंतर आपण कार्ड पुन्हा बघू. आधी सांगितलेलं असलं की बदल अंगावर येत नाही. न सांगता मधेच +२ चं +१ केलंत तर ती ढाल त्याच्यासाठी संपली.

शत्रूने हवेतली ढाल पकडली तर काय, हा प्रश्न कधीतरी येतोच. माझं उत्तर: परत येणारी ढाल कोणी पकडू शकत नाही, पण ढालवाला बेशुद्ध झाला तर ती पडते तिथेच राहते आणि उचलायला कोणाला तरी धावावं लागतं.